खिडकीत बसवलेली स्वयंपाकीण

शिगेनो कुरिमोतो आमच्याकडे अंघोळीला आली, की गल्ल्यावर दोन्ही हात पालथे ठेवायची आणि म्हणायची, "नोबुए-सान, हुंगा."

मी हुंगायचे. कसलाच वास येत नसे. तसं सांगितलं की ती चिडायची. "तुमचं नाक गेलंय. साबणाच्या वाफेत बसून बसून कामातून गेलंय." मग आत जाऊन तळहात, मनगटं, कोपरापर्यंतचे हात लाल होईस्तोवर घासत बसायची. शेजारी बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

क्योतोच्या निशिजिन भागात आमच्या घराण्याचा हमामखाना आहे. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मध्ये छतापर्यंत न पोचणारी भिंत, आणि दाराशी उंच बैठकीवर मी. गल्लीतलं कोण बारीक झालं, कोण रडून आलंय, कोणाच्या पाठीला पट्टी आहे, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. शिगेनो-सानला मी तिच्या लग्नापासून ओळखते. तिचा नवरा तात्सुझो आणि ती पलीकडच्या कोपऱ्यावर खाणावळ चालवायचे. खाणावळ कसली, सहा बाकडी आणि एक चूल. या भागात तेव्हा घरोघर रेशमाचे माग होते. सकाळपासून खटखट सुरू व्हायची आणि दुपारी थांबली, की सगळे विणकर तिच्याकडे. भात, मिसोचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, लोणचं आणि त्या दिवशी जे शिजलं असेल ते. सोयाबीनचा चोथा परतलेला, नाहीतर पाल्याची भाजी, नाहीतर उन्हाळ्याच्या शेवटी वांगं घालून शिजवलेला सुका हेरिंग मासा. याला आता दुकानांच्या पाट्यांवर 'ओबानझाई' असं भारदस्त नाव लिहितात. आमच्या आयांच्या तोंडी तो शब्द कधी नव्हता. आम्ही नुसतं 'भाताबरोबरचं' म्हणायचो.

शिगेनोचं तोंड फाटकं होतं. कोणी ताटात टाकलं तर सगळ्यांसमोर विचारायची, "काय हो, सासूनं केलंय वाटलं का?" पण हात असा, की शिव्या खाऊनही माणसं रोज यायची. मग हळूहळू माग बंद पडले. किमोनो नेसणार कोण? विणकर म्हातारे झाले, पोरं ओसाकाला गेली, तात्सुझो छातीच्या दुखण्यानं गेला. शिगेनोनं शटर ओढलं. पुढची काही वर्षं ती एकटीपुरतं शिजवायची आणि त्यातलंही निम्मं कोणाला तरी देऊन टाकायची.

अशात तो हामुरो आला. तोक्योहून आलेला, तिशीतला, कायम हसतमुख, बुटांना धूळ न लागणारा. कियोमिझूच्या देवळाकडे जाणाऱ्या चढावर त्याला खाण्याचं ठिकाण काढायचं होतं. कोणाकडून तरी शिगेनोचं नाव त्याच्या कानावर गेलं होतं. तो तिच्या घरी बसला, तिच्या पांढऱ्या अंबाड्याकडे, सुरकुत्यांकडे, जाड बोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओबाचान, तुम्ही अगदी तशाच आहात."

"कशी?"

"सगळ्यांच्या मनातली आजी असते ना, तशी."

तिला वाटलं, स्वयंपाकाला बोलावतोय. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती पोरीसारखी. मला म्हणाली, "परत माणसं जेवतील माझ्या हातचं. चढ चढावा लागला तरी चालेल." तात्सुझोच्या सुऱ्या तिनं धार लावून फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

पहिल्या दिवशी ती परतली तेव्हा ते गाठोडं तसंच होतं, न सोडलेलं.

"तिथे सुरीच लागत नाही," ती म्हणाली. "कात्री लागते."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. 'ओबाचानचं स्वयंपाकघर', म्हणजे आजीचं स्वयंपाकघर, अशी मोठी पाटी. रस्त्याच्या बाजूला काच, काचेमागे जुन्या पद्धतीची मातीची चूल, तिच्यावर हे एवढं मोठं पातेलं. तिला निळा किमोनो, पांढरा अॅप्रन, डोक्याला फडकं. आत, जिथे गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही तिथे, खोकी रचलेली. खोक्यांत प्लास्टिकची पाकिटं, पाकिटांत कुठल्या तरी कारखान्यात शिजलेलं अन्न. दोन मुलं पाकिटं गरम पाण्यात टाकतात, कात्रीनं कापतात, मातीच्या भांड्यात ओततात आणि वरून एक हिरवं पान ठेवतात.

"आणि तुमच्या पातेल्यात काय असतं?"

"मीही तेच विचारलं. पाणी! सोया टाकून रंगवलेलं पाणी, खाली विजेची शेगडी. तो मेला म्हणतो कसा, 'वाफ आहे, ओबाचान. लोकांना वाफ बघायची असते. तुम्ही फक्त ढवळा.'"

"मग उठून आला नाहीत?"

ती कपडे काढून आत गेली. त्या दिवसापासून हे हात घासणं सुरू झालं.

मी कितीदा तिला म्हटलं, सोडून द्या. ती उसळायची. "आणि घरी बसून काय करू? भिंतींना वाढू?" पण रोज संध्याकाळी नवीन काही तरी ओकल्यासारखं बोलायची. कोणी पोरगी पाच भांडी मागवते, वर उभं राहून फोटो काढते आणि एकाला तोंड लावून निघून जाते. कोणी नाक शिंकरलेला कागद सूपमध्ये बुडवून ठेवतो. आइस्क्रीमवर सोन्याचा वर्ख लावतात आणि त्याला जुन्या राजधानीची परंपरा म्हणतात. संध्याकाळी मागच्या दारानं काळ्या पिशव्या जातात, प्रत्येक पिशवी दोघांनी धरावी लागते. "भात, नोबुए-सान! न शिवलेला भात! आमच्या बाकड्याखाली शीत पडलं तर तात्सुझो वाकून उचलायचा." आणि त्या पाकिटांचा गोडसर, चिकट वास. तो आपल्या कातडीत मुरलाय असं तिला वाटायचं.

दुकानासमोर मात्र रांग लागत होती. टीव्हीवर जुन्या शहरात खरं, पारंपरिक जेवण कुठे मिळेल असा काही कार्यक्रम झाला आणि त्यात पहिलं नाव याच दुकानाचं. पडद्यावर शिगेनो पातेलं ढवळताना दिसली. गल्लीतल्या बायका कौतुकानं सांगायला आल्या. तिनं त्यांच्याकडे असं बघितलं, की त्या न्हायच्या आधीच घरी जाव्यात.

आणि मग ओगाता-सान तिथे जेवायला गेले.

ओगाता-सान म्हणजे आमच्या मागच्या घरातले विणकर. आपल्या लग्नाआधीपासून बायको जाईपर्यंत, आणि नंतरही, शिगेनोच्या खाणावळीत दुपारचं जेवलेले. त्यांच्या मुलीच्या सासरची माणसं योकोहामाहून आली होती. त्यांना टीव्हीवर दाखवलेल्या ठिकाणीच जायचं होतं. ओगाता-सान गेले. रांगेत उभे राहिले. काचेपाशी आले तेव्हा आत शिगेनो. दोघांची नजरानजर झाली. तिनं मान खाली घातली आणि ढवळत राहिली.

त्यांनी वांगं घातलेला हेरिंग मागवला. पाहुण्यांनी थोडं थोडं चिवडलं. ओगाता-साननी भांडं पुसून रिकामं केलं, जेवणाच्या काड्या आडव्या ठेवल्या, काचेच्या दिशेनं वाकून नमस्कार केला आणि निघाले.

त्या संध्याकाळी शिगेनो बायकांच्या बाजूला होती. पुरुषांच्या बाजूला ओगाता-सान शिरले. मी मध्ये. मग भिंतीपलीकडून त्यांचा खरखरीत आवाज आला.

"शिगेनो-सान, आहात का तिकडे?"

बायकांच्या बाजूचा नळ बंद झाला. "आहे."

"आज तुमच्याकडे जेवलो."

"बघितलं मी."

"तो मासा कुणी शिजवला?"

ओगाता-सानच पुढे बोलले. "तोंडात घातला आणि कळलं. पण समोर तुम्ही होतात. तुमच्याकडे बघून टाकायचं कसं? म्हणून गिळला सगळा. घरी येईपर्यंत दोनदा गटारापाशी बसून ओकलो. पाहुण्यांना म्हटलं, ऊन लागलं."

"टाकायचा होता," शिगेनो म्हणाली. "माझ्या तोंडावर टाकायचा होता."

"तुमच्यासमोर कधी टाकलंय का मी?"

ती तशीच ओल्या अंगानं बाहेर आली, घाईघाईनं कपडे चढवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. त्या दिवशी तिनं साबणाला हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात आजारी असल्याचा निरोप दिला आणि बाजार पालथा घातला. खडखडीत वाळलेला, नाकात जाणारा हेरिंग आणला. तो तांदळाच्या धुवणात रात्रभर ठेवला, म्हणजे त्याचा उग्रपणा उतरतो. रस्स्यासाठी समुद्राचं शेवाळ भिजवलं. सकाळी सगळं ओझं आणि सुऱ्यांचं गाठोडं घेऊन ती पहिल्या बसनं चढावर पोचली. रंगाचं पाणी मोरीत ओतलं. पातेलं राखेनं घासलं. राख घरून नेली होती, कारण तिथे राख कुठली? आणि शिजवायला बसली.

हामुरो आला तेव्हा दुकानभर वास सुटला होता. ती भांडायच्या तयारीत होती. पण तो तर खूश! "ओबाचान! हे काय सुचलं तुम्हाला! खरा वास! थांबा, थांबा, तसंच ढवळा." आणि फोन काढून चित्रण करायला लागला.

पहिलं गिऱ्हाईक आलं. शिगेनोनं आपल्या हातानं वाढलं आणि काचेमागे न जाता टेबलापाशीच उभी राहिली. एक जोडपं होतं. बाईनं नाकाशी धरलं आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "हा खराब झालाय का?" त्यानं वांग्याचा तुकडा तोंडात घातला. "अजिबात गोड नाही. फोटोत चकचकीत दिसत होतं." दोघांनी भांडं बाजूला सारलं आणि हिरव्या चहाचं आइस्क्रीम मागवलं. दुसऱ्या टेबलावरच्या मुलींनी माशाचं काळं कातडं बघून "ईऽ" केलं. तिसरा माणूस परदेशी होता. त्यानं नम्रपणे सगळा मासा भाताखाली लपवून ठेवला. दुपारपर्यंत आतली मुलं विचारायला लागली, फोटोतला मागतायत लोक, पाकिटातला, गोड, तो देऊ का?

शिगेनो एका टेबलापाशी गेली. तिथली माणसं अजून उठली नव्हती. तिनं त्यांच्यासमोरचं टाकलेलं भांडं उचललं आणि उभ्या उभ्या सगळं खाल्लं. माणसं हातातल्या काड्या विसरून बघत राहिली. एकीनं फोटो काढला.

हामुरोनं तिला अलगद आत नेलं. तो रागावला नव्हता. त्याला रागावताच येत नसावं. म्हणाला, "मी विचार केलाय. तुम्ही रोज शिजवा. वास सुटू दे, रस्त्यापर्यंत जाऊ दे. फक्त वाढताना पाकिटातलं वाढू."

"आणि माझं?"

"ते संध्याकाळी टाकून देऊ."

हे शिगेनोनं मला दोनदा सांगितलं, जणू मी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. "टाकून देऊ म्हणाला. जिवानिशी मारलेला मासा, कुणी तरी पिकवलेली वांगी. टाकायसाठी शिजवा म्हणाला."

तिनं दोन भांडी भरली. एकात आपलं, एकात पाकिटातलं. त्याच्यासमोर ठेवली. "बस. दोन्ही खा. मग मला सांग."

त्यानं हसून हात हलवला. "नाही हो, ओबाचान. मी असलं खात नाही."

"असलं म्हणजे?"

"मासे, वांगी, शिजवलेलं... लहानपणापासून आवडत नाही. माझं आहे तिकडे." खोक्यांवर त्याचं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं अंड्याचं सँडविच होतं, अर्धं खाल्लेलं.

"मग तुला पाकिटातलं कसं लागतं तेही माहीत नाही?"

"मला कशाला माहीत हवं? लोक येतायत ना."

इतके महिने ती त्याला लबाड समजत होती. लबाडाला निदान कळत असतं, आपण काय चोरतोय. याला काहीच कळत नव्हतं. तिला म्हणे त्या क्षणी जी शिसारी आली, तशी काळ्या पिशव्यांचीही कधी आली नव्हती. तिनं डोक्याचं फडकं काढून त्याच्या सँडविचवर टाकलं, पातेल्यावर झाकण घातलं, ते दोरीनं आवळलं आणि पातेलं उचलून पुढच्या दारानं, रांगेतल्या माणसांना कोपरानं बाजूला करत बाहेर पडली. किमोनो आणि अॅप्रन दुकानाचेच होते. अॅप्रन अजून तिच्याकडे आहे. फरशी पुसायला वापरते.

बसवाला घेईना. टॅक्सी केली. टॅक्सीवाल्यानं चारी खिडक्या उघडल्या. "काय मेलंय त्यात, ओबाचान?" मग आरशात बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे, तुम्ही त्या टीव्हीवाल्या! गाडीत बसलेला प्रत्येक जण विचारतो, खरं जुन्या पद्धतीचं जेवण कुठे मिळेल? मी डोळे झाकून तुमच्याकडे सोडतो."

"तू कधी जेवलास तिथे?"

"छे! मी स्टेशनमागे उदोनच्या शेवया खातो."

"मग लोकांना का तिथे लोटतोस रे, मेल्या?"

"ते असलंच मागतात," तो म्हणाला.

पातेलं थेट माझ्याकडे आलं. अजून उजेड होता, अंघोळीची माणसं नुकती येऊ लागली होती. मी घरातून वाट्या आणल्या, कोणी भात आणला. ओगाता-सान केस न पुसता बाहेर येऊन बाकावर बसले. शिगेनोनं त्यांना पहिलं वाढलं आणि समोर उभी राहिली, हात मागे बांधून.

त्यांनी खाल्लं. सावकाश. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ जास्त झालंय," ते म्हणाले.

कोणी तरी हसलं. शिगेनो हसली नाही.

"वांगं आधी काढायला हवं होतं. साल फाटलंय. हात बिघडला तुमचा, शिगेनो-सान."

मला वाटलं, आता ही वाटी त्यांच्या डोक्यात घालणार. ती खाली बसली, आपल्या वाटीतलं चाखलं, पुन्हा चाखलं आणि म्हणाली, "हो. बिघडलाय." आणि मग रडली. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्यानं, नाक ओढत, शिव्या देत रडली. त्या गिऱ्हाइकांना शिव्या, हामुरोला शिव्या, सर्वांत जास्त स्वतःला. "महिनोन्महिने पाणी ढवळलं मी! पाणी!" ओगाता-सान खात राहिले. वाटी पुढे करून म्हणाले, "थोडं अजून वाढा. खारट असलं तरी अन्न आहे."

ती तिथे पुन्हा गेली नाही. खिडकीत काही दिवस तिचा पुठ्ठ्याचा पुतळा होता म्हणे, पातेल्याशी उभा. नंतर पाकिटं स्टेशनावरच्या भेटवस्तूंच्या दुकानातही आली, वर हिचा चेहरा. तिनं हामुरोला दोनदा फोन केला. त्यानं अतिशय आदरानं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. पुढे त्याला दुसरी आजी मिळाली, गालावर खळी असलेली, तेव्हा हिचा चेहरा आपोआप उतरला. दुकानाची जुनी चित्रं मात्र लोकांच्या फोनमध्ये फिरतच राहिली.

शिगेनोनं खाणावळ पुन्हा काढली नाही. "कुणासाठी?" म्हणते. ओगाता-सान आणि मी, आम्ही दोघं तिच्याकडे जेवतो. शिधा आम्ही नेतो, ती शिजवते, आणि ओगाता-सान अजून चुका काढतात. अलीकडे कमी काढतात.

परवा आम्ही तिच्या दारात शेंगा सोलत बसलो होतो. गल्लीत एक तरुण जोडपं शिरलं, उत्तरेकडचं असावं, बोलण्यावरून. वाट चुकलं होतं. मुलीनं फोन पुढे केला. "हे ठिकाण कुठे आहे? आम्हाला इथलं खरं, पारंपरिक जेवण जेवायचंय."

फोनवर शिगेनो होती. निळ्या किमोनोत, वाफेत.

तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरून नीट बघितला. मग हात करून सांगितलं, "मोठ्या रस्त्यावर जा. तिथून कियोमिझूची बस. चढ लागला की उतरा. रांग दिसेल."

मुलगी फोनकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "या आजी अगदी तुमच्यासारख्या दिसतात."

"म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात," शिगेनो म्हणाली.

ती दोघं वाकून आभार मानून गेली. मी म्हटलं, "अहो, घरात मासा शिजतोय आणि तिकडे कशाला पाठवलंत? दोन वाट्या वाढल्या असत्या."

"आणि त्यांनी नाक मुरडलं असतं, की मग?" ती म्हणाली. "पुन्हा नाही बघवायचं मला ते. जाऊ देत तिकडेच." गटारात थुंकली, शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली आणि गॅस बारीक करायला आत गेली.